वस्तू पाहावी कशी?

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



या मेळाव्यात एखाद्या विद्वान वक्त्याचे व्याख्यान ठेवावे, अशी आपल्या समाजाची प्रथा आहे. यंदा ती मोडून कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, आयुष्यभर पाढे व बाराखडी शिकविलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकास आपणांपुढे उभे केले, हा त्यांचा लोभ होय. मी शास्त्रज्ञ नाही आणि कलावंतही नाही. तथापि शास्त्रज्ञ एखादी वस्तू कशी पाहतो आणि कलावंत ती कशी पाहतो, या विषयावर माझ्या अल्पमतीप्रमाणे चार शब्द बोलावयाचे मी ठरविले आहे. हा विषय आपला कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या टेबलावर आहे.

व्यवस्थापकांनी माझ्यासाठी येथे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली ठेविली होती. त्यांची क्षमा मागून मी ती बाजूस सारली आणि घरून आणलेला हा तांब्या ठेविला. हा माझ्या वडिलांच्या हातचा आहे. वडील आपल्या समाजातील शेकडो कारागिरांसारखेच एक तांबट होते. पहाटे भट्टी पेटवावी आणि दिवेलागणीपर्यंत ठोके घालावेत, हा त्यांचा नेम. या तांब्याच्या पोटावर आपणांस जे बारीक, एकसारखे खड्डे दिसतात, ते मठारकाम त्यांचे आहे. आता हीच वस्तू तीन माणसांपुढे ठेवून पाहू.

पहिला माणूस बाजारातला. तो तांब्या उचलतो, काट्यावर ठेवतो आणि मोडीच्या भावाने त्याची किंमत सांगतो. त्याचे खोटे नाही. परंतु त्याचे पाहणे तेथे संपते.

दुसरा माणूस शास्त्रज्ञ. तोही प्रथम वजनच करतो, पण त्याचे पाहणे तेथून सुरू होते. तो तांब्या पाण्यात पूर्ण बुडवितो, किती पाणी बाजूस सरले ते मोजतो आणि वजनाला त्याने भागतो. उत्तर ८.९ च्या जवळ आले तर धातू शुद्ध तांबे असावे. साडेआठच्या आसपास आले तर पितळेची शंका घ्यावी. मग तो विचारतो, हा धातू ठोक्यांनी कठीण का झाला? आपल्या वडीलधाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो आणि तसाच ठोकला तर चिरतो. म्हणून मध्येच तो लाल होईपर्यंत तापवावा लागतो. तापवून पाण्यात बुडविला तरी तो मऊच राहतो. शेजारच्या लोहाराचे पोलाद मात्र तापवून पाण्यात घातले की कठीण होते. आग तीच आणि पाणीही तेच, मग गुण उलटा का? शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगतो की, धातू हा बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. ठोक्यांनी त्या कणांची रचना विस्कटते, तिच्यात गुंतागुंत होते आणि कण एकमेकांवरून सरकेनासे होतात, हा कडकपणा. उष्णतेने नवे, सुटे कण तयार होतात, हा मऊपणा. पोलादात कार्बन असतो, आणि एकाएकी थंड झाल्यावर तो आतच अडकून पडतो, म्हणून त्याची तऱ्हा निराळी. माझ्या वडिलांनी सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नाही. ते म्हणत, “ठोक्याचा आवाज बदलला की समजावं, तांबं आता थांब म्हणतंय.” जे शास्त्रज्ञ डोळ्यांनी पाहतो, ते ते कानांनी ऐकत होते.

तिसरा माणूस कलावंत. तो तांब्याला हात लावीत नाही. तो थोडा मागे सरतो, मान कलती करतो आणि गप्प बसून राहतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारी रेषा कोठे भरते आणि कोठे आवरते, हे तो पाहतो. खिडकीतला उजेड पोटाच्या एका अंगावर कसा सांडला आहे आणि सावलीच्या बाजूसही टेबलावरच्या कापडाचा लालसर रंग धातूत कसा उतरला आहे, हे त्याला दिसते. हा तांब्या किती भाराचा, हे तो काट्याशिवाय आपल्या रेषेने सांगतो.

या दोन रीती परस्परांच्या विरुद्ध आहेत, असे आपण मानतो. मीही मानीत होतो. माझी समजूत कशी दुरुस्त झाली, ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कारण त्यात माझी चूक आहे.

मी नोकरीस लागून तीन-चार वर्षे झाली असतील. एके दिवशी चित्रकलेचा तास मजकडे आला. मी टेबलावर एक तांब्या ठेविला, फळ्यावर त्याचे चित्र काढून दाखविले आणि मुलांना तसे काढावयास सांगितले. मागील बाकावरील एका मुलाने तांब्याचे तोंड गोल न काढता चपट्या अंड्यासारखे काढले, आणि पोटावर एक वेडावाकडा पांढरा चौकोन ठेविला. मी त्यास उभे करून विचारले, “तांब्याचं तोंड गोल असतं की नाही?” तो म्हणाला, “असतं, गुरुजी. पण मला इथनं असं दिसतंय.” मला तो उर्मटपणा वाटला. मी त्याचे गुण कापले, वर चारचौघांत त्याची थट्टा केली. सायंकाळी आमच्या एका वृद्ध ड्रॉइंग मास्तरांनी ती वही पाहिली आणि मला त्या मुलाच्या बाकावर नेऊन बसविले. तेथून पाहतो तो तांब्याचे तोंड खरोखरच चपटे दिसत होते आणि पोटावरचा पांढरा चौकोन म्हणजे समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब होते! मास्तर एवढेच म्हणाले, “तुम्ही ठाऊक असलेलं काढलंत, पोरानं दिसलेलं काढलं.” मी दुसऱ्या दिवशी गुण वाढवून दिले, परंतु त्या मुलाने पुन्हा माझ्या तासाला आपण होऊन वही दाखविली नाही. ती सल अद्याप आहे.

मित्रहो, त्या दिवसापासून मला कळले की, शास्त्रज्ञ आणि कलावंत यांची पहिली पायरी एकच आहे. ‘मला ठाऊक आहे’ हे क्षणभर बाजूस ठेवावयाचे आणि समोरची वस्तू काय सांगते ते ऐकावयाचे. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. शास्त्रज्ञ आपल्या निष्कर्षातून स्वतःला काढून घेतो. दुसऱ्या कोणीही, दुसऱ्या कोणत्याही गावी तोच प्रयोग केला तर तेच उत्तर आले पाहिजे, असा त्याचा आग्रह. कलावंत आपल्या कृतीत स्वतःला घालतो. हा उजेड, ही घटका, हा बाक आणि हे डोळे पुन्हा येणार नाहीत, हे तो जाणतो. परंतु पहिली पायरी चुकली तर दोघांचेही काम फसते.

याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १६०९ साली दुर्बीण नुकतीच निघाली होती. इंग्लंडमध्ये हॅरियट नावाच्या मोठ्या गणितज्ञाने तीतून चंद्र पाहिला आणि चित्रही काढले. पण त्याला उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी दिसली, एवढेच. काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याला चित्रकलेचे अंग होते. गोल वस्तूवर, उंचवट्यावर, खळग्यात सावली कशी पडते हे त्याच्या हातात मुरलेले होते. त्याने तपकिरी शाईने चंद्राची चित्रे काढली आणि ओळखले की, हे डाग नव्हेत, या पर्वतांच्या व दऱ्यांच्या छाया आहेत. मग सावलीच्या बाजूस एकटे चमकणारे शिखर सीमेपासून किती दूर आहे, यावरून त्याने त्या पर्वतांची उंचीही गणिताने काढली. चित्रकाराच्या डोळ्याने शास्त्रज्ञाला मदत केली, ती अशी.

आता दूरदेशीचे सोडून आपल्या कोल्हापुरास येऊ. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आपण सर्वांनी पाहिली आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथे प्रा. कुंदणगार यांच्या प्रयत्नांनी जुन्या धातूच्या वस्तूंचा एक संचय उजेडात आला. त्यात वीतभरही उंच नसलेली कांस्याची एक मूर्ती होती. ती आपल्याकडील कोणत्याच देवाची नव्हे. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन याची ती मूर्ती होय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, रोमन साम्राज्याशी आपला व्यापार चालत असताना ती समुद्र ओलांडून, घाट चढून करवीर नगरीस आली. त्याच संचयात रोमन घडणीची भांडी निघाली आणि स्वार बसलेला एक देखणा हत्तीही निघाला. तो मात्र भारतीय घडणीचा. या वस्तूंचे स्थान आज टाउन हॉलमधील, १९४६ साली स्थापन झालेल्या आपल्या वस्तुसंग्रहालयात आहे.

पुढे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि १९५२ साली त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. उत्खनन म्हणजे खजिना खणणे, अशी आपली समजूत असते. वास्तविक तेथे सोन्यापेक्षा मातीला मान असतो. थरामागून थर काढावयाचा. कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाली ते त्याच क्षणी टिपून ठेवावयाचे. खालच्या थरात सातवाहनांच्या काळच्या विटांची घरे, वर कितीतरी शतकांनंतरच्या बहमनी काळची वस्ती, असा टेकडीचा इतिहास पानापानांनी उलगडत जातो. फुटक्या खापराचा तुकडादेखील क्रमांक घालून जपला जातो; कारण खापराच्या घाटावरून काळ ठरतो. वस्तू तीच, पण थरातून उचलून बाजारात नेली की मुकी होते. शास्त्रज्ञाला वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची, ती यासाठी.

परंतु केवळ थर मोजून पोसायडनची ओळख पटली नसती. त्यासाठी कलेचा डोळाही लागला. शरीराचा भार एका पायावर, दुसरा पाय सैल, एक हात उंचावलेला. त्या हातातील आयुध आज नाही, तरी हाताच्या उभारणीवरून तेथे काय असावे याचा तर्क चालतो. स्नायूंची गोलाई, दाढीची वळणे, कमरेचा कल हे सारे पाहून जाणकार म्हणाले की, ही घडण यवनांची. प्रसिद्ध कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली या धातुवस्तूंचा पुन्हा सविस्तर विचार केला. कोणती घडण परकी आणि कोणती देशी, हे ठरविताना काटा आणि फूटपट्टी उपयोगी पडत नाहीत. शेकडो मूर्ती पाहून मुरलेली नजर उपयोगी पडते. उलटपक्षी, आज धातूला ओरखडादेखील न काढता क्ष-किरणांच्या साह्याने त्यात तांबे किती, कथील किती, शिसे किती हे सांगता येते. शिशाच्या समस्थानिकांवरून ते कोणत्या खाणीकडचे याचाही माग काढता येतो. नजर एक अंदाज बांधते आणि प्रयोग तो तपासतो. कधी प्रयोग कोडे घालतो आणि नजर ते सोडविते.

त्या मूर्तीपुढे उभा राहिलो की, तांबटाचा मुलगा म्हणून माझ्या मनात एक विचार येतो. ही चिमुकली मूर्ती जर कोण्या काळी मोडीच्या भावाने मुशीत गेली असती, तर तिचे एखादे पळी-पंचपात्र झाले असते आणि रोमशी असलेले आपल्या गावाचे नाते पुसले गेले असते. मुशीला इतिहास कळत नाही. तो कळावयाचा तो मुशीपाशी बसलेल्या माणसाला!

या दोन्ही दृष्टी एकाच माणसात नांदू शकतात काय? याचेही उत्तर आपल्या गावाने दिले आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे मूळ नाव बाबूराव मेस्त्री. जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९० चा. चित्रकला आणि मूर्तिकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता आत्मसात केली. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. चलच्चित्राचे वेड लागल्यावर या दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपणयंत्र आणले. दुसरा कोणी असता तर त्याने खेळ दाखवून पैसे मिळविण्यातच समाधान मानले असते. यांनी ते यंत्र अभ्यासिले. पट्टी क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, आणि झडप मिटलेली असतानाच पट्टी पुढे सरकली पाहिजे. हे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, न चुकता! आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. शिष्य दामले यांच्या साह्याने १९१८ साली त्यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, तर मूकपट लोकांपुढे आला. चाकाचे दाते घासताना ते यांत्रिक होते आणि त्याच यंत्रातून उजेड-सावली पाहताना चित्रकार होते. त्यांचा हात दोन्ही भाषा बोलत होता.

कलावंताच्या चिकाटीचे दुसरे उदाहरण म्हणजे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेल्या या चित्रकारास शाहू महाराजांचा आश्रय लाभला. रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ या आपल्या नित्याच्या जागांची त्यांनी चित्रे काढली. आपण रोज रंकाळ्यावर फिरावयास जातो आणि परत येतो; पाण्याचा रंग कोणता होता असे कोणी विचारले तर ‘पाण्यासारखा’ असे उत्तर देतो. १९३१ साली निधन पावलेल्या त्या माणसाची चित्रे पाहिली म्हणजे वाटते की, एकाच पाण्याला किती रंग असतात आणि आपण किती थोडे पाहिले!

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, त्या आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. वडील वारल्यानंतर आम्ही जुने घर पाडून नवे बांधले. माळ्यावर घंगाळे, हंडे, बंब, दोन परात्या आणि वडिलांच्या हातोड्या, मोगरी, ऐरण असे बरेच सामान होते. नव्या घरात ते ठेवावयाचे कोठे? मी एक हातगाडी बोलाविली आणि सर्व सामान मोडीत घातले. त्या दिवशी काट्यापाशी उभा राहून पैसे मोजून घेणारा माणूस मीच होतो. आईने पदराआड हा एक तांब्या लपविला, म्हणून तो वाचला. एकेका हातोडीचे तोंड वेगळे का होते, कोणती गळ्यासाठी आणि कोणती बुडासाठी, हे आज मला कोणी विचारले तर सांगता येत नाही. विकलेले तांबे पुन्हा विकत घेता येईल, मुलांनो. त्या हातोड्यांतले ज्ञान मला कोणत्या दुकानात मिळणार? मी शिक्षक होतो, मला दोन्ही दृष्टी ठाऊक असावयास हव्या होत्या. परंतु ऐन वेळी मी तिसऱ्याच, बाजाराच्या दृष्टीने पाहिले.

आपला समाज आज शिकतो आहे, याचा मला आनंद आहे. आज गौरविलेल्या मुला-मुलींत कोणी डॉक्टर, कोणी अभियंता होईल. मात्र मी पाहतो की, गणितात गुण मिळाले तर घरात पेढे वाटले जातात आणि चित्रकलेची वही रद्दीत जाते. मुलगा हाताने काही घडवू लागला तर ‘हेच करायचं होतं तर शाळेत कशाला घातलं?’ असे आपणच म्हणतो. ज्या समाजाचे पोट हाताच्या कसबावर भरले, त्यानेच हाताची लाज धरावी, हे मला बरे दिसत नाही. आपल्या वाडवडिलांना शास्त्रज्ञ म्हणवून घेता आले नाही आणि कलावंत म्हणूनही कोणी त्यांस शाल पांघरली नाही. पण धातूची नाडी आणि घाटाची रेषा या दोन्ही त्यांच्या एकाच मनगटात होत्या. शिक्षणाने त्या दोन्ही वाढाव्यात. एक ठेवून दुसरी टाकावी लागू नये.

म्हणून मी आपणांपुढे एक लहानशी विनंती ठेवितो. तिला पैसा लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने घरातील एक जुनी वस्तू निवडावी. अडकित्ता असो, कल्हईचे पातेले असो, समई असो. मुलांनी तिचे वजन करावे, ती पाण्यात बुडवून तिचा धातू ओळखावा, तिची मापे टिपावीत. मग मोबाइलवर छायाचित्र काढून मोकळे न होता, अर्धा तास तिच्यापुढे बसून पेन्सिलीने तिचे चित्र काढावे. चित्र वाईट आले तरी चालेल. अर्धा तास पाहिले, हेच पुष्कळ. आणि आजी-आजोबांस विचारून एका चिठ्ठीवर लिहावे की, ही कोणी घडविली, कोठून आली, कोणाच्या लग्नात मिळाली, कोणत्या कामास वापरीत. ती चिठ्ठी म्हणजे वस्तूचा थर होय. तो जपला तर वस्तू बोलती राहील. पुढील वर्षीच्या मेळाव्यात या साऱ्या वस्तू, चित्रे व चिठ्ठ्या एका दालनात मांडाव्यात, अशी माझी कार्यकारी मंडळास सूचना आहे. ज्यांच्या घरी हातोड्या व ऐरणी अद्याप शिल्लक आहेत त्यांनी त्या आणाव्यात, आणि ज्या वृद्ध कारागिरांस त्यांची नावे व उपयोग ठाऊक आहेत त्यांनी ते मुलांना सांगावेत. त्या वेळी वही घेऊन पुढे बसणारा पहिला विद्यार्थी मी असेन.

आणि शिक्षक-पालकांस एक शेवटची विनंती. एखादे मूल म्हणाले की, ‘मला इथनं असं दिसतंय’, तर त्याला दटावण्यापूर्वी त्याच्या बाकावर जाऊन बसा. कदाचित ते चूक असेल. मग त्याला मापून दाखवा. कदाचित ते बरोबर असेल. मग आपण दुरुस्त व्हा.

 घसा कोरडा पडला आहे. वडिलांच्या हातच्या या तांब्यातील घोटभर पाणी पिऊन मी आपली रजा घेतो.